हॅलोकाकूंचं बेडं

आमच्या हॅलोकाकू समोर उभ्या असलेल्या माणसालाही आधी ‘हॅलो’ म्हणायच्या. हे हात हलवून म्हणायचं आजकालचं हॅलो नव्हे. खोल विहिरीत पोहरा सोडावा तसं लांबवलेलं, पलीकडे कुणी आहे की नाही याची चाचपणी करणारं, ‘हॅऽऽलो’. तुम्ही ‘हां काकू’ म्हटलंत की मगच पुढचं वाक्य. आणि स्वतःचं बोलणं संपलं की ‘ठेवते’ म्हणून पाठ फिरवायची. तुमचं वाक्य अर्धं राहिलं असेल तर ते तुमच्या तोंडात. माझा एक साडू पुण्याहून आला होता. हापूसच्या भावावर तो जरा रंगात येऊन बोलत असताना काकू ‘ठेवते’ म्हणून घरात गेल्या. साडू अंगणाच्या दगडी गडग्याशी तोंड उघडं ठेवून उभा.

“अविनाश, मी काही वावगं बोललो का रे?”

“नाही. तुझी तीन मिनिटं संपली.”

काकूंचं खरं नाव विमल. नंबर फिरवला की फोन लागला, असे दिवस यायच्या आधीच्या काळात त्या रत्नागिरीच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बाहेरगावी बोलायचं तर तेव्हा कॉल नोंदवून ताटकळत बसावं लागे, पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने, आणि त्यात तीन दर्जे असत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ऑर्डिनरी लागेल तेव्हा लागेल. अर्जंटला जास्त पैसे, तो आधी. लाइटनिंग सगळ्यांच्या डोक्यावरून. नोकरी सुटली, तारा जोडायचा बोर्ड भंगारात गेला, पण काकूंनी जगाची वाटणी त्याच तीन खणांत चालू ठेवली. दाराशी कुणी आलं की पहिला प्रश्न, “ऑर्डिनरी की अर्जंट?” विरजण मागायला आलेला माणूस ऑर्डिनरी. तो पडवीत बसे. गॅसवर दूध ठेवून विरजण मागायला आलेला माणूस अर्जंट. लाइटनिंग मात्र त्या कुणालाच देत नसत. “लाइटनिंग म्हणजे एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी पळून गेलं,” असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचा एक धर्म होता. जोडलेला कॉल ऑपरेटरने तोडायचा नसतो. बोलणारे भांडोत, रडोत, नुसते गप्प बसोत. फोन त्यांनी ठेवायचा. आपण फक्त कान बाजूला करायचा. हा धर्म काकूंना पुढे चांगलाच महागात पडला. ती हकिगत सांगतो, पण आधी हाजराबींना पडवीत आणून बसवायला हवं.

हाजराबी म्हणजे शेजारच्या बोर्डावरच्या. एक्स्चेंजमध्ये दोघींच्या खुर्च्या लागून. निवृत्त झाल्यावर काकू डोंगरउतारावर वरच्या रस्त्याला आणि हाजराबी पायथ्याशी खालच्या रस्त्याला. मधे काकूंचं नारळी-पोफळीचं आगर आणि आगरातून उतरणारी जांभ्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. आम्ही तिला पाखाडी म्हणतो. रोज दुपारी हाजराबी ही पाखाडी चढून वर येत. हातात घरची नानखटाई, काखेत छत्री. काकू चहा टाकत. मग दोघी पडवीच्या कट्ट्यावर डोळे मिटून बसत.

झोपायला नव्हे. खेळायला. जन्मभर गावाचे आवाज ऐकलेल्या या बायका. तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत, आवाज विसरत नसत. पाखाडीवरून किंवा वरच्या रस्त्याने कुणी बोलत गेलं की डोळे न उघडता ओळखायचं.

“गाडगीळांचा मधला.”

“नाय गो विमल, धाकटा. मधला नाकातून बोलतो.”

“हॅलो, कोण ते? मधला की धाकटा?”

रस्त्यावरून बिचारा ओरडे, “धाकटा, काकू!” आणि हाजराबी नानखटाईचा जास्तीचा तुकडा जिंकत.

एकमेकींना फोन मात्र त्या कधी करत नसत. “जन्मभर लोकांचे जोडले,” काकू म्हणत, “आता आपला आपण चालत जोडायचा.”

आता रस्त्यांचा नकाशा सांगतो. सोपा आहे. एसटी स्टँडकडून बंदराकडे यायला दोन रस्ते. वरचा रस्ता आधी भाजीवाल्यांच्या बोळातून अंग चोरत येतो, आमच्या घरांपाशी मोकळा होतो आणि तिथून डोंगराला ऐसपैस वळसा घालून बंदरावर उतरतो. खालचा रस्ता नेमका उलट्या स्वभावाचा. तो खाडीकडेने लांबलचक, रुंद, आरामात येतो, हाजराबींच्या घरापाशी पोचतो आणि मग बाजाराच्या गळ्यातून घुसला की लगेच बंदर. म्हणजे दोघांच्याही नशिबी एक जवळचा चिंचोळा तुकडा आणि एक लांबचा रुंद तुकडा. त्यामुळे गाड्या आपोआप वाटल्या जात. काही वरून, काही खालून. कुरकुर असे, पण तुंबणं नसे.

आणि या दोन रस्त्यांच्या मधे, शिडीच्या पायरीसारखी, काकूंची पाखाडी.

पाखाडीच्या दोन्ही टोकांना बेडं होतं. बेडं म्हणजे दोन दगडी खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. कोकणातलं फाटक. ते वर्षभर उघडंच असे आणि सगळा गाव तिथून ये-जा करी. फक्त वर्षातून एक दिवस काकूंच्या सासऱ्यांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे बेडं घालायचं, शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याला हात जोडून परत पाठवायचं. का? तर वहिवाट लागू नये म्हणून! आमच्याकडे माणूस दात घासायला शिकतो त्याच्या आगेमागे वहिवाट हा शब्द शिकतो. तुमच्या जमिनीतून लोक वर्षानुवर्षं बिनहरकत गेले तर ती वाट लोकांची. एक दिवस अडवलं की तुमची. कायद्यात याला कितपत आधार आहे ते वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, “आधार असो नसो, माझ्या वडिलांनीही बेडं घातलंच होतं.”

घोटाळा एवढाच, की सासरे तो दिवस तिथीने पाळत. श्रावण शुद्ध दशमी. काकूंचे यजमान सरकारी कचेरीत, ते तारखेने पाळू लागले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख. दोघेही गेल्यावर काकूंपुढे पेच पडला, तिथी की तारीख? त्यांनी दोन्ही पाळायला सुरुवात केली. सासरेही नाराज नकोत आणि यजमानही.

असं सगळं निवांत चाललं असताना हाजराबींचे गुडघे गेले.

पायऱ्या चढताना त्या दर वळणावर थांबू लागल्या. छत्रीची काठी झाली. एक दिवस अर्ध्यातूनच परत फिरल्या. काकूंनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलावला. “पायऱ्या नकोत. उतार कर, सिमेंटचा. नागमोडी. म्हातारी चढली पाहिजे.” गवंड्याने मन लावून काम केलं. खडी उरली म्हणून उतार दोन हात जास्तच रुंद केला. हाजराबी पहिल्या दिवशी त्यावरून अशा चढून आल्या, की काकूंनी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तो आनंद टिकला साधारण पावसाळा संपेपर्यंत.

आधी एक स्कूटर आली. मग दुधवाल्याची मोटरसायकल. मग आमच्या नाक्यावरचा मनोहर रिक्षावाला. त्या उतारावर रिक्षा बरोब्बर बसते, दोन्हीकडे बोटभर जागा उरते, हा शोध मनोहरचा. वास्को द गामा कालिकतला उतरला असेल त्या रुबाबात तो खालच्या बेड्यातून बाहेर पडला. स्टँडवरून भाजीवाल्यांचा बोळ, मग पाखाडी, मग बाजाराचा गळा, की बंदर! दोन्ही लांबचे वळसे वाचले. वरच्या रस्त्याचं लोणी खायचं, खालच्या रस्त्याचं लोणी खायचं, ताक कुणाला?

ताक कुणालाच नको होतं. महिनाभरात अख्खी रत्नागिरी लोणी खायला लोटली.

आणि बोळ तुंबला. गळाही तुंबला. पूर्वी गाड्यांमधला एक वाटा बोळातून जाई आणि दुसरा गळ्यातून. आता प्रत्येक गाडी बोळातूनही जाणार आणि गळ्यातूनही. मधे पाखाडीवर रांग. डोंगराचा ऐसपैस वळसा रिकामा, तिथे कुत्री आडवी झोपलेली. खाडीकडचा रुंद रस्ता रिकामा, तिथे जाळी वाळत घातलेली. मी सकाळी पडवीत चहा घेऊन बसलो की समोर एका तीनचाकी टेम्पोची पाठ येई. ‘आईची कृपा’. चहा संपे, पेपर संपे, दाढी होई, आईची कृपा तिथेच.

“काकू, बेडं घाला ना सरळ,” मी म्हटलं.

“हॅलो, अवी? अरे, जोडलेला कॉल मी कसा तोडू? लोक बोलतायत ना अजून.”

“बोलत नाहीत, हॉर्न वाजवतायत!”

“तेच त्यांचं बोलणं. ठेवते.”

मग एका दुपारी हाजराबी उतार चढत असताना मागून मोटरसायकल आली. लागलं काही नाही. नुसता छत्रीला धक्का. पण त्या गडग्याला धरून खाली बसल्या, नानखटाईचा डबा उतारावरून गडगडत गेला आणि एका रिक्षाखाली चपटा झाला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जो रस्ता एका म्हातारीला वर आणण्यासाठी केला, त्या रस्त्यावरून अख्खा गाव जात होता. ती म्हातारी सोडून.

अखेर त्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींना फोन केला. मी तिथे होतो. काकूंनी आवाज स्पीकरवर टाकला.

“हॅऽऽलो.”

“हॅऽऽलो.”

“बोला.”

“बोला.”

आणि दोघी गप्प! दोघींनाही सवय एकच, लाइन लागली की बाजूला व्हायचं. पलीकडचं कुणीतरी बोलायला लागेल म्हणून दोघी वाट बघत राहिल्या. मला हसू आवरेना. मग काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवरलं.

“जमत नाय गो,” पलीकडून हाजराबी म्हणाल्या.

“नाहीच जमत,” काकू म्हणाल्या. पण ठेवलाही नाही कुणी.

त्याच सुमारास आमचे मेंबर, म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, नवा बेत घेऊन आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. पाखाडी रुंद करून पक्का जोडरस्ता करायचा. एवढी गर्दी होते म्हणजे रस्ता अपुरा आहे, हे कुणालाही कळतं. सह्याही झाल्या होत्या. मनोहरची पहिली.

“काकू, गावासाठी द्या. उद्या हा रस्ता बंद पडला तर गाव तुंबेल.”

“हॅलो, मेंबर? गाव तुंबलेलाच आहे.”

“म्हणून तर रुंद करायचा!”

काकू भिंतीकडे वळल्या. कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मला वाटलं, म्हातारी खचली. पण ती श्रावण शोधत होती.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. म्हणजे श्रावण दोन. भटजींनी सांगितलं, खरी दशमी निज श्रावणातली, ऑगस्टच्या अखेरीकडची. यजमानांची तारीख मात्र नेहमीप्रमाणे पहिल्या आठवड्यात. एरवी तिथी-तारखेत थोडक्या दिवसांचा फरक असे. या वर्षी मधे चांगले तीन आठवडे पडले.

तारखेच्या दिवशी सकाळी दोन्ही टोकांना बेडं पडलं. वरच्या बेड्याशी खुर्ची, खुर्चीत काकू, डोक्यावर छत्री. मनोहर रिक्षा घेऊन आला, वर्षाचा दिवस आहे हे त्याला ठाऊक होतं, मान डोलावून मागे वळला. दुसऱ्या दिवशी आला तर बेडं तसंच.

“काकू, आज काय?”

“सासऱ्यांनी तिथी पाळली. यजमानांनी तारीख पाळली. मी तारखेपासून तिथीपर्यंत पाळतेय.”

“सगळं मधलं?”

“मधलंच तर राहून गेलं होतं.”

“ओ काकू, मासेमारी सुरू झालीय! बंदरावर बर्फ पोचवायचाय, माणसं पोचवायचीत. वाईच बेडं काढा ना.”

“ऑर्डिनरी की अर्जंट?”

“अर्जंट!”

“अर्जंट लांबून जातो.”

मनोहर संतापला. रिक्षातून उतरून बेड्याच्या बांबूवर हात आपटून म्हणाला, “उद्या तुम्हालाच काही झालं, तर घाईत खाली न्यायचं कुठून तुम्हाला?”

 काकूंनी छत्री जराशी मागे केली आणि त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

“मी ऑर्डिनरी जाईन हो.”

मनोहर पुटपुटत डोंगराच्या वळशाने गेला.

पहिले दोन दिवस गाव खरंच गोंधळला. सवयीने पाखाडीपर्यंत यायचं, बेडं बघायचं, शिव्या घालायच्या, मागे फिरायचं. मग एका सकाळी मी चहा घेऊन पडवीत बसलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. आईची कृपा कुठे गेली? ती आली, समोरून सरसर गेली, आणि मला ‘आईची’ एवढंच वाचता आलं. भाजीवाल्यांच्या बोळातून निम्म्याच गाड्या येत होत्या, कारण उरलेल्या आधीच खाडीकडेने गेल्या होत्या. बाजाराच्या गळ्यात निम्म्याच गाड्या जात होत्या, कारण उरलेल्या डोंगराला वळसा घालत होत्या. कुत्री उठून बसली होती. जाळीवाल्यांनी जाळी उचलली होती. रस्ता एक कमी झाला आणि गाव सुटला.

माझा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “मामा, असं होतं. गणितात याला नावसुद्धा आहे.” त्याने नाव सांगितलं. परदेशी होतं, मी विसरलो. मी त्याला हॅलोकाकूंचं बेडं म्हणतो.

मनोहरला नाक्यावर विचारलं, “काय रे, बंदरावर लवकर पोचतोस हल्ली?”

“पाऊस कमी आहे ना म्हणून.”

त्या दिवशी धो धो पडत होता.

आणि दुपारी? दुपारी रिकाम्या उतारावरून मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक हात मोकळा सोडून, हाजराबी चढत होत्या. आधीसारख्या भराभर नाही. पण चढत होत्या. खालचे बांबू त्यांनी स्वतःच सरकवले होते, वरचे काकूंनी त्यांच्यापुरते सरकवले, त्या आत आल्या, बांबू पुन्हा जागेवर. कट्ट्यावर दोघी डोळे मिटून बसल्या. हॉर्न नव्हते, त्यामुळे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले होते.

अखेर दशमी उजाडली. संध्याकाळी बेडं निघणार म्हणून वरच्या टोकाला माणसं जमली. मेंबर आले, मनोहर आला, मीही गेलो, असले नाटकाचे पडदे मी सोडत नाही. काकू खुर्चीतून उठल्या. एका बांबूला हात घातला. चेहरा कोरडा होता, पण नजर खालच्या बाजूला, हाजराबींच्या घराकडे. मला उमगलं, बाई खरंच काढणार. धर्म म्हणजे धर्म.

“हॅलो,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “काढू?”

 सगळे मनोहरकडे बघू लागले. मनोहरने डोकं खाजवलं.

“काकू... राहू द्या वाईच. गणपती होऊन जाऊ दे.”

“नक्की?”

“गणपतीत गर्दी असते. उगाच तुंबायचं.”

गणपती झाले. मग मनोहर म्हणाला, दिवाळी होऊन जाऊ दे. मग शिमगा. त्यानंतर त्याने मुदत सांगायचंच सोडलं. सह्यांचा कागद मेंबरांच्या खिशातल्या दोन पेनांमागे कुठेतरी विरला, आणि पुढच्या दिवाळीच्या आधी त्यांनीच पाखाडीवर ‘पादचारी मार्गा’चं उद्घाटन केलं. रस्ता बंद झाल्याबद्दल फीत कापणारा नगरसेवक मी पहिल्यांदाच बघत होतो. वाहन शिरू नये म्हणून दोन्ही तोंडांशी मधोमध चिऱ्याचा एकेक खांब उभा राहिला. खांब पुरायला घमेलं घेऊन उभा होता तो मनोहर.

“बघ,” काकू मला म्हणाल्या. “मी तोडला नाही. त्यांचा त्यांनीच ठेवला.”

पुढे हाजराबींना तो उतारही पुरा होईना. तेव्हा काकूंनी पाखाडीच्या मध्यावर, फणसाखाली, चिऱ्यांचं बैठं बाकडं बांधून घेतलं. हाजराबी खालून अर्ध्या यायच्या, काकू वरून अर्ध्या उतरायच्या. चहा थर्मासातून.

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. छातीचं काही दुखणं निघालं होतं आणि मुलगी त्यांना उपचारांसाठी मुंबईला न्यायला आली होती. तिथून त्या परतल्या नाहीत. त्या दुपारी मनोहरने रिक्षा वरच्या रस्त्याला, अगदी दाराशी लावली होती.

“खाली लाव,” काकू म्हणाल्या.

“खाली? आता डोंगराला वळसा घालून जाऊ? गाडीची वेळ झालीय, काकू.”

“जा की. रस्ता मोकळा असतो, तूच सांगतोस सगळ्यांना.”

मनोहर मुलीला आणि सामानाला घेऊन वळशाने निघाला. काकू काठी टेकत पाखाडी उतरू लागल्या. मागे त्यांची पर्स धरून मी. फणसाखाली हाजराबी आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर नानखटाईचा नवा डबा. काकू शेजारी टेकल्या. मी थोडा वरच थांबलो. दोघींनी डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने खालून हाक आली, “ओऽ काकू, गाडी चुकंल!”

“मनोहर,” काकू म्हणाल्या.

“मनोहरच,” हाजराबी म्हणाल्या. “धावत आलाय वाटतं.”

काकूंनी नानखटाईचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश संपवला, हाजराबींच्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि उतारावरून खाली गेल्या. खालच्या खांबाला वळसा घालून त्या दिसेनाशा होईपर्यंत मी कान देऊन उभा होतो. हाजराबींनीही डोळे उघडले नव्हते, त्याही ऐकत होत्या.

‘ठेवते’ म्हणाल्या नाहीत.